धातूंतील झाडें

जस्ताचा मुलामा दिलेली नवी लोखंडी बादली उन्हांत धरून पाहिली, तर तिच्या अंगावर रुपेरी ठिपके चमकतांना दिसतात. ठिपके म्हणणें तितकेंसें बरोबर नाहीं. कारण जवळून न्याहाळलें म्हणजे एका मध्यबिंदूपासून निघालेल्या रेषा, त्या रेषांना फुटलेल्या आडव्या रेषा, आणि त्यांनाही फुटलेल्या आणखी बारीक रेषा, अशी नेच्याच्या पानासारखी रचना त्यांत पुष्कळदां आढळते. ही नक्षी कोणा कारागिरानें काढलेली नव्हे. वितळलेलें जस्त गोठतांना त्यानें स्वतःच काढलेलें तें चित्र आहे. आणि हें चित्र एकट्या जस्ताचेंच आहे असेंही नाहीं. कांशाची घंटा, पोलादाची तोफ, मोटारीच्या एंजिनाचा ॲल्युमिनियमचा माथा, अशा ओतकामाच्या मार्गानें जन्मास आलेल्या बहुतेक वस्तूंच्या पोटांत अशींच असंख्य झाडें दाटीवाटीनें उभीं असतात. फरक इतकाच कीं, तेथें तीं नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत.

ग्रीक भाषेंत झाडाला ‘डेंड्रॉन’ म्हणतात. त्यावरून युरोपांतील शास्त्रज्ञांनीं या स्फटिकांना ‘डेंड्राइट’ हें नांव दिलें. आम्ही या लेखांत त्यांना वृक्षस्फटिक म्हणूं. या वृक्षस्फटिकांचा इतिहास दुहेरी आहे. एक इतिहास माणसांचा: हीं झाडें कोणीं, केव्हां आणि कोणत्या गरजेनें पाहिलीं याचा. दुसरा इतिहास त्या झाडांचा स्वतःचा: तीं जन्मतात कशीं, आणि जन्मल्यावर त्यांचें पुढें काय होतें याचा. पहिला इतिहास दोन शतकांहून अधिक काळ चाललेला आहे. दुसरा कांहीं सेकंदांत, फार तर कांहीं दिवसांत आटोपतो. नवल असें कीं, या अल्पायुषी इतिहासाचा पूर्वार्ध तेवढा लोकांच्या ध्यानांत आला आणि उत्तरार्ध फार काळ झांकलेलाच राहिला. झाड वाढतें हें सर्वांनीं पाहिलें. वाढीच्या भरांतच त्याच्या बहुतेक फांद्या विरून जातात, आणि आपल्या हातीं येतें तें उरलेल्या फांद्यांचें झाड, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळली. ती कशी कळली आणि तिचें मोल काय, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

धातूंच्या अंगावरील हीं झाडें किमयागारांना परिचित होतीं. सुरम्याच्या खनिजापासून काढलेला अँटिमनी शुद्ध करून सावकाश गोठूं दिला, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर ताऱ्यासारखी नक्षी उमटते. त्या ताऱ्यांत गूढ अर्थ शोधणारे लोक युरोपांत पुष्कळ होते. सतराव्या शतकांत खुद्द आयझॅक न्यूटननेंही त्याच्यासाठीं आपली भट्टी पेटविली होती. त्याच शतकाच्या आरंभीं, १६११ सालीं, ज्योतिर्विद् योहानेस केप्लर यानें हिमकणाला सहाच कोन कां असावेत या प्रश्नावर एक छोटेखानी पुस्तिका लिहिली. उत्तर त्याला सांपडलें नाहीं, परंतु प्रश्न योग्य होता: निर्जीव पदार्थाला आकाराची आवड कोठून आली? लोखंडाच्या बाबतींत हाच प्रश्न पिएर क्लेमां ग्रिन्यों या फ्रेंच लोहकारखानदाराला पडला. सावकाश निवालेल्या लोखंडाच्या पोकळ जागीं त्याला फांद्याफांद्यांचे स्फटिक मिळाले, आणि १७७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्यांचें वर्णन केलें. पुढें १८६३-६४ च्या सुमारास शेफील्ड येथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यानें पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा करण्याची, त्यावर सौम्य अम्ल फिरविण्याची आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत घालून दिली. त्या दिवसापासून धातूच्या अंतरंगांत डोकावण्याला एक खिडकी मिळाली.

परंतु कुतूहल वेगळें आणि गरज वेगळी. या स्फटिकांकडे जीवनमरणाचा प्रश्न म्हणून पाहण्याची पाळी रशियांत आली. सेंट पीटर्सबर्ग येथील ओबुखोव्ह कारखान्यांत त्या काळीं पोलादाच्या तोफा तयार होऊं लागल्या होत्या. एकाच रीतीनें बनविलेल्या तोफांपैकीं कांहीं उत्तम टिकत, तर कांहीं चांचणीच्या वेळींच फुटत. फुटणारी तोफ शत्रूला इजा करण्याआधीं स्वतःच्या गोलंदाजाचा प्राण घेते. त्यामुळें हा दोष कारखान्याच्या हिशेबवहींत मावण्याजोगा नव्हता. १८६६ सालीं दिमित्री कॉन्स्टँटिनोविच चेर्नोव्ह नांवाचा तरुण एंजिनियर या कारखान्यांत दाखल झाला. फुटलेल्या तोफांचे तुकडे त्यानें बारकाईनें तपासले, तेव्हां त्याला असें आढळून आलें कीं, फुटलेल्या पोलादाचा पोत जाडाभरडा असतो आणि टिकलेल्या पोलादाचा बारीक. पोलाद किती तापवून घडावें म्हणजे पोत बारीक होतो, याचे नियम त्यानें १८६८ सालीं विद्वानांपुढें मांडले आणि त्याचें नांव झालें.

तथापि तो तेवढ्यावर थांबला नाहीं. घडाईपूर्वीं, म्हणजे मुळांत ओतीव ठोकळा गोठतांनाच, पोलादांत काय घडतें हें त्याला समजून घ्यावयाचें होतें. १८७८ सालच्या आपल्या व्याख्यानांत त्यानें या प्रश्नाचा ऊहापोह केला. द्रव पोलादांत प्रथम एक खोड पुढें सरकतें, त्या खोडाला काटकोनांत फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात. मधल्या जागेंतील द्रव सर्वांच्या शेवटीं गोठतो, आणि गोठतांना धातु आकसत असल्यामुळें तेथें द्रवाचा पुरवठा कमी पडला तर पोकळी राहते, असें त्यानें दाखवून दिलें. ओतकामांतील छिद्रें व भेगा कोठून येतात याचें हें पहिलें समाधानकारक उत्तर म्हणतां येईल. चेर्नोव्हच्या संग्रहांतील एक वृक्षस्फटिक धातुशास्त्रांत फार प्रसिद्ध आहे. शंभर टन वजनाच्या एका पोलादी ठोकळ्याच्या माथ्यावरील पोकळींत तो सांपडला. त्याची लांबी ३९ सेंटिमीटर असून वजन साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास आहे. भोंवतालचा द्रव आकसून खालीं ओसरला, म्हणून हें झाड उघडें पडलें. एरव्हीं तें भोंवतालच्या धातूंत कायमचें पुरलें गेलें असतें.

आतां हीं झाडें जन्मतात कशीं तें थोडक्यांत पाहूं. उदाहरणादाखल ॲल्युमिनियमांत शेंकडा चार-पांच भाग तांबें मिसळलेला मिश्रधातु घेऊं. तो गोठूं लागला कीं प्रथम जो घन भाग तयार होतो त्यांत तांबें फार थोडें मावतें. न मावलेलें तांबें शेजारच्या द्रवांत ढकललें जातें, आणि द्रवांत तांबें जितकें अधिक तितका तो गोठण्यास अधिक थंडी लागते. म्हणजे वाढणारा घन स्वतःच आपल्या वाटेंत अडथळा निर्माण करितो. अशा स्थितींत सपाट भिंतीवर योगायोगानें एखादा उंचवटा आला, तर त्याचें टोंक तांब्याच्या या दाट थरांतून बाहेर पडून ताज्या द्रवांत पोंचतें आणि इतरांहून लवकर वाढतें. जो पुढें गेला तो अधिकच पुढें जातो. उंचवट्याचें खोड होतें, आणि खोडाच्या अंगावरही हाच खेळ सुरू होऊन त्याला फांद्या फुटतात. सपाट भिंत अशी केव्हां ढळते याचें गणित मलिन्स व सेकेर्का या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६३-६४ मध्यें मांडलें.

येथवर झाली वाढीची कथा. चेर्नोव्हच्या पिढीला, आणि तिच्या मागून आलेल्या दोन पिढ्यांनाही, एवढी कथा पुरेशी वाटे. झाड दिसतें तसेंच तें वाढलें असलें पाहिजे, हें अनुमान इतकें सरळ होतें कीं त्याची परीक्षा घ्यावी असें फारसें कोणाला सुचलें नाहीं. सावकाश निववलेल्या धातूंत फांद्यांमधील अंतर मोठें असतें व झटकन् निववलेल्या धातूंत तें लहान असतें, ही गोष्ट ओतकाम करणाऱ्यांच्या अनुभवाची होती. तिचा अर्थ असा लावला जाई कीं, सावकाश वाढणारें झाड मुळांतच विरळ फांद्या फोडतें. हा अर्थ चुकीचा होता. खरें उत्तर शोधण्याचीं साधनें मात्र एका वेगळ्याच शास्त्राच्या कोठारांत, रसायनशास्त्रांत, पूर्वींच येऊन पडलीं होतीं.

१८७१ सालीं विल्यम थॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें विख्यात झाला, त्यानें असें दाखविलें होतें कीं, द्रवाचा पृष्ठभाग वांकलेला असला तर त्यावरील वाफेच्या दाबांत फरक पडतो. थेंब जितका लहान तितका तो लवकर उडून जाण्यास उत्सुक. १९०० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यानें घन कणांनाही हाच न्याय लागू केला: बारीक कण जाड कणांपेक्षां अधिक विरघळतात. यावरून असा सिद्धान्त निघतो कीं, लहानमोठे कण एकाच द्रवांत शेजारी शेजारी राहिले, तर लहान कण विरघळत जातात आणि त्यांचें द्रव्य मोठ्या कणांवर जाऊन बसतें. घरांतील शीतकपाटांत बरेच दिवस ठेवलेलें आइसक्रीम, विशेषतः वीज जाऊन येऊन अर्धवट सैल झालेलें, पुढें जिभेला खरखरीत लागतें, त्याच्या मुळाशीं हाच प्रकार असतो. बर्फाचे बारीक कण नाहींसे होऊन थोडेच पण मोठे कण उरलेले असतात. १९६१ च्या सुमारास सोव्हिएत संघांत लिफशित्स व स्ल्योझोव्ह यांनीं आणि जर्मनींत कार्ल वाग्नर यानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, या क्रियेचें गणित सिद्ध केलें. कणांची सरासरी त्रिज्या काळाच्या घनमूळाच्या प्रमाणांत वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे कणांचा आकार दुप्पट व्हावयाचा तर आठपट वेळ द्यावा लागतो.

हाच न्याय धातूंतील झाडालाही लागू पडेल, हें आतां आपल्याला सोपें वाटतें. शोध लागून गेल्यावर सर्वच गोष्टी सोप्या वाटतात. झाडाच्या सर्व फांद्या सारख्या जाडीच्या नसतात. बारीक फांदीचा पृष्ठभाग अधिक वांकलेला, म्हणून तिचा वितळण्याचा बिंदु किंचित् खालीं. हा फरक अतिशय अल्प असतो; मिलिमीटरचा हजारावा भाग त्रिज्या असलेल्या फांदीसाठीं तो साधारणतः एका अंशाच्या दहाव्या-पांचव्या हिश्श्याएवढाच भरेल. पण तेवढा पुरतो. त्या अल्प फरकामुळें बारीक फांदीभोंवतींच्या द्रवांत ॲल्युमिनियमचें प्रमाण जाड फांदीभोंवतींच्या द्रवापेक्षां थोडें जास्त राहतें. जेथें जास्त तेथून जेथें कमी तेथें पसरत जाणें हा द्रवांतील अणूंचा धर्मच आहे. त्यामुळें ॲल्युमिनियमचा एक मंद पण अखंड ओघ बारीक फांदीकडून जाड फांदीकडे वाहूं लागतो. बारीक फांदी झिजते, झिजल्यामुळें आणखी बारीक होते, बारीक झाल्यामुळें आणखी वेगानें झिजते, आणि अखेर नाहींशी होते. शेजारची जाड फांदी तिच्या द्रव्यावर पोसली जाते.

ही केवळ कल्पना नव्हे हें १९६७ सालीं सिद्ध झालें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें कट्टामिस, कॉफलिन व फ्लेमिंग्ज या तिघांनीं ॲल्युमिनियम व तांबें यांच्या मिश्रधातूवर केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. प्रयोगाची युक्ति मोठी मार्मिक होती. मिश्रधातु अर्धवट गोठला असतांना त्याचें निवणें थांबवावयाचें आणि तो त्याच उष्णमानावर धरून ठेवावयाचा. उष्णमान स्थिर, म्हणून घन व द्रव यांचें परस्पर प्रमाणही जवळजवळ स्थिर. अर्थात् नवी वाढ बंद. मग निरनिराळे नमुने निरनिराळ्या अवधीनंतर झटकन् थंड करून कापावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचे. जर फांद्यांमधील अंतर वाढीच्या वेळींच ठरत असेल, तर सर्व नमुने सारखेच दिसले पाहिजेत. ते सारखे दिसले नाहींत. जो नमुना जितका अधिक वेळ धरला, त्यांत फांद्या तितक्या कमी, जाड आणि परस्परांपासून दूर आढळल्या. वाढ थांबली होती, तरी झाड बदलतच होतें.

या एका निरीक्षणानें जुन्या अनुमानाची बाजू उलटली. फांद्यांमधील अंतर जन्मतः ठरत नाहीं. घन व द्रव एकत्र असतात त्या सर्व काळांत तें वाढत असतें, आणि शेवटचा थेंब गोठतो त्या क्षणीं तें जेथें पोंचलें असेल तेथें कायम होतें. सावकाश निववलेल्या धातूंत फांद्या विरळ असतात, त्याचें कारण त्या विरळ फुटल्या हें नव्हे. दाट फुटलेल्या फांद्यांपैकीं पुष्कळशा मरण्यास तेथें वेळ मिळाला, हें होय. चेर्नोव्हचें तें ३९ सेंटिमीटरचें झाड एवढें भरदार कां, याचाही उलगडा येथें होतो. शंभर टनांच्या ठोकळ्याच्या पोटांत उष्णता दीर्घ काळ कोंडलेली असल्यानें त्याला उदंड वेळ मिळाला होता.

फांद्या मरतात तरी कशा, याचाही पुढें तपास झाला, आणि तीन प्रकार मुख्य मानले जातात. कांहीं फांद्या शेंड्यापासून मागें हटत हटत खोडांत विलीन होतात. कांहीं बुडाशीं, म्हणजे खोडाला जेथें चिकटलेल्या असतात तेथील बारीक मानेशीं, वितळून तुटतात. आणि शेवटीं शेवटीं, द्रव थोडा उरला असतां, शेजारच्या दोन फांद्यांमधील फट बुजून त्या एकमेकींत मिसळतात. यांपैकीं तुटण्याचा प्रकार प्रत्यक्ष पाहतां आला तो एका सुंदर युक्तीमुळें. धातु अपारदर्शक, म्हणून त्याच्या आंत चाललेलें नाटक दिसत नाहीं. पण धातूप्रमाणेंच गोठणारे कांहीं पारदर्शक सेंद्रिय पदार्थ आहेत, हें जॅक्सन व हंट या दोघांनीं १९६५ सालीं दाखवून दिलें. अशा पदार्थाचा पातळ थर कांचांमध्यें धरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर झाड वाढतांना, फांद्या मानेशीं बारीक होतांना आणि तुटून द्रवांत वाहून जातांना डोळ्यांनीं दिसतात. हे तुटलेले तुकडे पुढें नव्या झाडांचीं बीजें होतात, आणि ओतीव वस्तूच्या मध्यभागीं जे सर्व बाजूंनीं सारखे वाढलेले स्फटिक आढळतात त्यांतील पुष्कळांचा उगम यांतच असतो. खऱ्या धातूच्या आंतील दृश्य पाहण्याला मात्र १९९९ साल उजाडावें लागलें. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्यानें कथील व शिसें यांच्या मिश्रधातूंतील झाडें गोठण्याच्या घटकेसच त्या वर्षीं चित्रित झालीं. याच विषयासाठीं शास्त्रज्ञ अंतराळांतही गेले. पृथ्वीवर जड कण द्रवांत बुडतात व हलके वर येतात, त्यामुळें निव्वळ विसरणाचा परिणाम वेगळा काढतां येत नाहीं. तो काढावा म्हणून अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्राध्यापक व्होरहीस यांच्या पुढाकारानें कथील व शिसें यांच्या कणांचे प्रयोग प्रथम १९९७ सालीं कोलंबिया यानांत आणि नंतर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत करण्यांत आले.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर व्यवहाराशीं अगदीं निगडित आहे. दोन फांद्यांमधील गल्लींत शेवटीं गोठणारा जो द्रव असतो, त्यांत साऱ्या धातूंतील नकोसें द्रव्य गोळा झालेलें असतें. ठिसूळ संयुगें तेथेंच तयार होतात आणि आकसण्यामुळें पडणारीं छिद्रेंही तेथेंच पडतात. गल्ली जितकी रुंद तितकें संयुग मोठें, छिद्र मोठें आणि भेग पडण्याचा धोकाही मोठा. वर सांगितलेल्या ॲल्युमिनियम-तांबें मिश्रधातूंत एका सेकंदांत गोठलेल्या भागीं फांद्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतें. तोच भाग हजार सेकंदांत, म्हणजे सुमारें १७ मिनिटांत गोठला तर तें शंभर पटींच्याही थोडें वर जातें, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून अधिक. पुढें असा धातु तापवून त्यांतील असमानता घालवूं म्हटलें, तर त्यासाठीं लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; अंतर दुप्पट तर वेळ चौपट. म्हणून मोटारीच्या एंजिनाच्या माथ्यांत, जेथें स्फोटाचा दाब व आंच सर्वांत अधिक सोसावयाची असते, तेथील साच्यांत ओतकाम करणारे लोखंडाचे थंड तुकडे बसवितात. तो भाग झटकन् गोठतो आणि फांद्यांना जाड होण्यास अवसर मिळत नाहीं. उलट, मोडलेल्या वस्तूचा तुकडा हातीं आला, तर फांद्यांमधील अंतर मोजून तो भाग किती वेळांत गोठला असावा याचा तर्क करितां येतो. कांहीं उल्कापाषाणांतील धातूच्या कणांतही अशीं झाडें मिळालीं आहेत, आणि त्यांवरून ते कण अंतराळांत किती वेगानें निवाले याचा अंदाज शास्त्रज्ञांनीं बांधला आहे. चेर्नोव्हच्या काळीं जें केवळ चित्र होतें, तें आज घड्याळ झालें आहे.

परंतु जाडपणा हा सर्वत्र दोषच, असें मात्र कोणीं समजूं नये. याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत आहे. आजच्या तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडु या भागांतील कारागीर मातीच्या लहान मुशींत लोखंड आणि लांकूड किंवा पाला घालून, तोंड लिंपून, उच्च कोटीचें पोलाद तयार करीत. तेलंगणांतील कोनसमुद्रम् हें गांव त्यासाठीं नांवाजलेलें होतें. इंग्रजांनीं या पोलादाला ‘वुट्झ’ म्हटलें. त्याचे नमुने विलायतेस पोंचविण्यांत मुंबईचा वांटा होता: मुंबईंतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि जॉर्ज पिअर्सन यानें १७९५ सालीं त्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. पुढें मायकेल फॅरेडेसारखा महापुरुषही १८१९ मध्यें या पोलादाच्या पृथक्करणांत गुंतला. या पोलादाच्या तरवारींवर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसे, तिचें रहस्य सर्वांना हवें होतें. चेर्नोव्हच्या परंपरेंतील बेलायेव यानें १९१८ सालीं त्या नक्षीचा संबंध मुशींतील वृक्षस्फटिकांशीं जोडला. आणि १९९८ सालीं व्हर्होव्हेन या अमेरिकन प्राध्यापकानें पेंड्रे नांवाच्या लोहाराच्या साहाय्यानें असें दाखविलें कीं, व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश फांद्यांमधील गल्ल्यांत गोळा होतो, आणि घडाईच्या वेळीं कर्बाची कठीण संयुगें त्या गल्ल्यांच्या अनुरोधानें ओळींनीं मांडलीं जातात. मूस भट्टींत सावकाश निवे, म्हणून झाडाच्या थोड्याच फांद्या उरत आणि गल्ल्या रुंद राहत. घडाईनें त्या दबून जवळ आल्या तरी ओळींमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीस ते सत्तर पट उरे. मूस घाईनें थंड केली असती, तर ती नक्षी डोळ्यांस दिसण्याजोगी राहिली असती कीं नाहीं, याची शंकाच आहे. तोफेंत जो जाडपणा घातक, तोच तरवारीच्या पात्यांत लाटेसारखा खुलला. त्या कारागिरांना विसरण ठाऊक नव्हतें आणि पृष्ठताणही ठाऊक नव्हता. पण मूस केव्हां उघडावी आणि केव्हां उघडूं नये, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

या सर्व कथेंत इतिहासाच्या अभ्यासकानें मनाशीं बाळगावा असा एक बोध आहे. चेर्नोव्हपासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत झाडें पाहणारे लोक थोडे नव्हते, आणि त्यांची दृष्टि अधू होती असेंही नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें खरेंच होतें. चूक झाली ती एवढीच कीं, उरलेल्या फांद्यांनाच त्यांनीं सर्व फांद्या मानलें. जुन्या राज्यांचीं दफ्तरें चाळतांना, जुनीं घराणीं, जुने ग्रंथ, जुनीं देवळें यांवरून एखाद्या काळाचें चित्र रेखाटतांना हाच मोह आपल्यालाही पडतो. जें टिकलें तें आपल्यासमोर उभें असतें आणि मोठ्या आवाजांत साक्ष देतें. ज्याच्यावर तें पोसलें गेलें, त्याची खूण बहुधा राहत नाहीं. धातुशास्त्रज्ञांनीं या अडचणींतून जो मार्ग काढला तो मोठा शिकण्यासारखा आहे. त्यांनीं पूर्ण गोठलेल्या धातूला अधिक प्रश्न विचारले नाहींत. गोठण्याची क्रिया अर्ध्यावर थांबवून, एकाच झाडाचें रूप निरनिराळ्या घटकांना तपासून, काय नाहींसें झालें तें त्यांनीं मोजलें. आपल्या भोंवतालच्या ज्या गोष्टी अजून पुरत्या गोठलेल्या नाहींत, त्यांच्या बारीक फांद्या विरून जाण्यापूर्वीं त्यांची नोंद करून ठेवणें, एवढें काम तर आपल्यापैकीं प्रत्येकाच्या हातचें आहे.